गोव्यातल्या फ्लॅटसाठी कमी कटकटीची झाडं कशी निवडायची: नर्सरीत जायच्या आधीपासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

नर्सरीतून छान हिरवंगार झाड आणलं आणि तीन-चार महिन्यांत गेलं, ही तक्रार गोव्यात सारखी ऐकू येते, आणि नीट विचारलं की कळतं झाड गेलंय ते जुलै-ऑगस्टमध्येच. मग लोक म्हणतात आमच्या हाताला झाड लागत नाही. हाताचा काही संबंध नसतो हो, क्रम चुकलेला असतो. आधी झाड आवडतं, मग त्याला शोभेल अशी कुंडी घेतली जाते आणि घरी आल्यावर ते ठेवायचं कुठे हे बघितलं जातं. हे सगळं उलटं करायचंय. आधी जागा, मग घरातल्या माणसांच्या सवयी, मग झाड, आणि कुंडी सगळ्यात शेवटी.

आणि एक गोष्ट गोव्यापुरती पक्की लक्षात ठेवा, झाड जुलैच्या घराकडे बघून निवडायचं, डिसेंबरच्या नाही. डिसेंबरमध्ये बहुतेक झाडं बहुतेक घरांत बरी दिसतात. जुलैमध्ये आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही, खिडक्या बंद, बाल्कनीला प्लॅस्टिक बांधलेलं, हॉलमध्ये कपडे वाळत घातलेले, आणि हवेत इतका ओलावा की कुंडीतली माती सुकायचं नावच घेत नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत जे तग धरेल तेच तुमच्या फ्लॅटचं झाड.

टप्पा १: आधी घरातला उजेड बघा

नर्सरीत जायच्या आधी हे करा, किमान एक सुट्टीचा दिवस द्या.

झाड ठेवता येईल अशा सगळ्या जागा आधी ठरवा, टीव्हीशेजारी, खिडकीची कट्टी, बेडरूमचा कोपरा, बाल्कनी, पॅसेज. सकाळी ११ ते दुपारी १ च्या मध्ये, घरातले दिवे बंद करून, प्रत्येक ठिकाणी एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली बोटंन् बोटं दिसण्याइतकी स्पष्ट पडली तर भरपूर उजेड. सावली पडते पण कडा पुसट आहेत, तर मध्यम. नुसताच एक धूसर डाग दिसतो, तर कमी उजेड. आणि काहीच दिसत नसेल तर तिथे झाड ठेवायचंच नाही, स्नेक प्लांटसुद्धा नाही. तो तिथे लगेच मरत नाही म्हणून लोकांना वाटतं चाललंय, पण तो नुसता साठवलेलं खात बसलेला असतो.

आता दिशांचं. "दक्षिणेची बाल्कनी म्हणजे ऊन" असं बाहेरच्या व्हिडिओत ऐकून इकडे लागू करू नका. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे मे ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे गेलेला असतो आणि डिसेंबर-जानेवारीत चांगलाच दक्षिणेकडे कललेला. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून डिसेंबरमध्ये ऊन पार आत सोफ्यापर्यंत येतं आणि मेमध्ये तिथे थेट ऊन जवळजवळ नसतंच. उत्तरेच्या खिडकीचं उलटं, थेट ऊन आलंच तर मे-जुलैच्या आसपास, आणि तेही थोडंच. पश्चिमेची खिडकी मात्र मार्च ते मे एकदम वाईट, दुपारी ३ नंतर काच तापते आणि काचेला टेकलेली पानं करपतात. सगळ्यात सोपी खिडकी पूर्वेची, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर नुसता उजेड.

समोर दुसरी बिल्डिंग आहे का, माडाची झावळं आडवी येतात का, ग्रिलच्या बाहेर पत्र्याची शेड आहे का हेही बघा. पर्वरी, ताळगावसारख्या ठिकाणी बिल्डिंगी इतक्या जवळजवळ आहेत की पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर दिशेला काही अर्थच उरत नाही, तिथे फक्त कागदाची टेस्ट खरी.

तपासा: ही टेस्ट तुम्ही ऑक्टोबर ते मे या काळात करताय तर प्रत्येक जागेला एक पायरी खाली धरा. "मध्यम" आलं तर "कमी" समजूनच झाड निवडा, कारण पावसाळ्यात तिथे तेवढंच राहणार आहे.

टप्पा २: घरातल्या माणसांच्या सवयी

याला लोक दोन मिनिटंही देत नाहीत आणि झाडं जातात ती जास्त करून इथेच.

पहिला प्रश्न, पाणी कोण घालणार? बऱ्याच घरांत आई किंवा सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात आणि तांब्यात उरलेलं पाणी हातासरशी शेजारच्या कुंडीत ओततात. प्रेमानेच करतात, पण झीझी (ZZ) प्लांटला रोज अर्धा तांब्या म्हणजे दीड-दोन महिन्यांत मातीखालचे गड्डे कुजलेले. तुमच्याकडे असं होत असेल तर त्यांना बोलत बसू नका, तुळशीच्या वाटेवर पाणी लागणारं झाड ठेवा आणि झीझी, स्नेक प्लांट आतल्या खोलीत ठेवा. माणसाची सवय बदलण्यापेक्षा कुंडीची जागा बदलणं सोपं.

दुसरा प्रश्न, घर सलग किती दिवस बंद राहतं? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे गावच्या घरी जातात, फ्लॅटला पाच-सात दिवस तरी कुलूप, कुणाकडे त्याहून जास्त. मे महिन्याच्या सुट्टीत परत तेच. जे झाड आठ-दहा दिवस पाण्याशिवाय आणि बंद हवेत राहू शकत नाही ते घ्यायचंच नाही, कितीही सुंदर असलं तरी.

तिसरा, लहान मूल किंवा मांजर-कुत्रा आहे का? मनी प्लांट, झीझी, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, पीस लिली, फिलोडेंड्रॉन, डिफेनबॅकिया या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं की तोंड, जीभ, घसा चुरचुरतो, सुजतो. अळू खाजतो ना, तेच कारण, ही सगळी अळूच्याच कुळातली. डिफेनबॅकिया तर रांगत्या मुलाच्या घरात अजिबात नको. स्नेक प्लांटही मांजर-कुत्र्याने खाल्ला तर उलट्या होतात. मांजर पानं चघळणारी असेल तर स्पायडर प्लांट, अरेका पाम किंवा बोस्टन फर्न घ्या, ही तिघं त्यांना विषारी नाहीत.

टप्पा ३: आता झाड ठरवा (घरीच, नर्सरीत नाही)

कागदावर जागा आणि त्यासमोर झाड लिहूनच निघा. पहिल्या खेपेला दोन, फार तर तीन.

कमी उजेडाची जागा आणि विसरभोळं घर: झीझी. मातीखाली बटाट्यासारखे गड्डे असतात, त्यात पाणी साठवून ठेवतो, चवथीच्या कुलपाला अजिबात घाबरत नाही. वाढ एकदम हळू, वर्षाला दोन-तीन नवीन दांड्या आल्या तरी खूप, म्हणून "वाढतच नाही" म्हणत खत मारत बसू नका. स्नेक प्लांटचंही तसंच, फक्त त्याला झीझीपेक्षा थोडा जास्त उजेड द्या. स्नेक प्लांटची बुटकी, पानांचा पेला करणारी जात मात्र पावसाळ्यात बाल्कनीत ठेवू नका, त्या पेल्यात पाणी साचतं आणि मधोमध कुजतं.

मध्यम उजेड: मनी प्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा. मनी प्लांटला आपली दमट हवा मनापासून आवडते आणि पावसाळ्यात वाढणाऱ्या थोड्या झाडांपैकी तो एक. घ्यायचा तर साधा हिरवा-पिवळा घ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा दिसायला देखणा पण त्याला उजेड जास्त लागतो. अ‍ॅग्लोनिमाचंही तेच, गडद हिरवी-चंदेरी जात कमी उजेडात भागवून घेते, लाल-गुलाबी जातीला खिडकीजवळचीच जागा हवी, आत ठेवलीत तर नवीन पानं फिक्कट येतात.

रोज पाणी घालणारं घर: पीस लिली. पाणी कमी पडलं की सगळी पानं एकदम मान टाकतात, पाणी घातलं की काही तासांत उभी. नवशिक्यांसाठी चांगलं झाड आहे कारण ते सांगतं. पण तीही बशीत साचलेल्या पाण्यात उभी ठेवलीत तर कुजणारच.

बाल्कनीच्या दाराजवळ, भरपूर उजेड: स्पायडर प्लांट, अरेका, रबर प्लांट. अरेका घरात ठेवायचा तर दाराला लागूनच, हॉलच्या मधल्या कोपऱ्यात त्याची खालची पानं पिवळी पडत जातात.

मिरामार, करंजाळे, दोनापावल, बोगमाळो, कोलवा अशा समुद्राजवळच्या घरांत वारं खारं असतं, पातळ पानांच्या कडा तपकिरी होतात. तिथे जाड पानांची झाडं घ्या, रबर, स्नेक प्लांट, झीझी, आणि पंधरा दिवसांतून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसा. वास्कोतही पानं पुसावीच लागतात, तिथे पानांवर बसणारी कोळशाची काळी पूड उजेड अडवते.

हे घेऊ नका: छोट्या गुलाबासारखे दिसणारे सक्युलंट (जाड, रसाळ पानांची झाडं), रोझमेरी, लॅव्हेंडर. यांना कोरडी हवा आणि कडक ऊन लागतं, आपल्या पावसाळ्यात बंद फ्लॅटमध्ये ती सडतात. क्रोटनही घरात नको, रंग जातो आणि पानं गळतात, तो बाहेरच छान. आणि "हवा शुद्ध करतं" म्हणून झाड निवडू नका, तसं दाखवणारे प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते, घरातल्या चार कुंड्यांनी हवेत फरक पडत नाही. घरात टिकणारं आणि डोळ्याला बरं वाटणारं झाड हवंय, एवढं कारण पुरेसं आहे.

टप्पा ४: नर्सरीत काय बघायचं

वेळ: ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जूनमध्ये सगळे रोपं घ्यायला धावतात, अंगणातल्या झाडांसाठी ते बरोबरच, पण घरातल्या झाडाला नवीन जागा आणि काळोखे चार महिने एकदम सोसत नाहीत. आधी उन्हाळा त्याच घरात काढलेलं झाड पावसाळा सोसतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घ्या, हायवेवरच्या नर्सरीत घ्या, तपासायची पद्धत एकच:

कुंडी हातात घेऊन तळाकडून बघा, भोकातून पांढरी किंवा फिक्की मुळं डोकावतायत तर छान, तपकिरी आणि चिकट असतील तर ठेवून द्या. मग झाड बुंध्याशी धरून हलकं हलवा. मातीत डगमगलं तर ते नुकतंच लावलंय किंवा खाली कुजलंय, दोन्ही वेळा नको. पानं उलटी करून देठाच्या बेचक्यात बघा, तिथे कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि एका झाडावरून ते घरातल्या सगळ्या झाडांवर जातात. शेवटी मातीचा वास घ्या. लोकांना लाज वाटते, पण नक्की घ्या, नासका, आंबूस वास आला तर आत मुळं गेलेली आहेत.

नर्सरीवाल्याला दोनच प्रश्न विचारा: भाऊ, हे झाड इथे कधीपासून आहे, आणि नेटखाली होतं की उन्हात? घाटावरून गाडीतून कालच उतरलेलं असेल तर दोन आठवड्यांनी परत या. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात चकचकीत झाड उचलू नका, मध्यम आकाराचं, नवीन कोंब फुटलेलं घ्या.

टप्पा ५: घरी आणल्यावर पहिले पंधरा दिवस

काही करायचं नाही. खरंच काही नाही.

नवीन झाड बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, त्याच्या ठरलेल्या जागेपेक्षा किंचित जास्त उजेडात. लगेच कुंडी बदलू नका, खत तर नकोच. एक-दोन खालची पानं पिवळी होतील, ते जागा बदलल्यामुळे, घाबरून पाणी वाढवू नका. दर दोन-तीन दिवसांनी पानांची खालची बाजू बघत राहा. पिठ्या दिसला तर पाण्यात दोन-चार थेंब भांड्याचा साबण घालून त्या फडक्याने पुसून काढा, नंतर साध्या पाण्याने पुसा, आठवड्याने परत.

एकच अपवाद, कुंडीतली माती नुसती लाल चिकणमाती असेल, पाणी घातल्यावर वरच डबकं करून बसत असेल, तर पंधरा दिवस संपताच पहिल्यांदा माती बदला.

टप्पा ६: कुंडी आणि माती

आपल्या तांबड्या मातीवर लोकांचं प्रेम असतं आणि बागेत ती चालतेही, पण कुंडीत नुसती ती भरली की ओली असताना लोण्यासारखी बसते आणि सुकली की विटेसारखी. घरातल्या कुंडीला निचरा हवा. साधं माप: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत किंवा जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग पर्लाइट (हलके पांढरे खडे) किंवा धुतलेली बारीक खडी. झीझी आणि स्नेक प्लांटसाठी खडी दोन भाग करा. कोकोपीटची वीट भिजवून, एकदा पाणी बदलून, घट्ट पिळून मगच वापरा, त्यात क्षार असू शकतात.

सावधान: बीचवरची वाळू आणून घालू नका. मीठ असतं, मुळं जळतात, आणि दोनदा धुतली तरी पुरत नाही.

नवीन कुंडी जुनीपेक्षा एक ते दोन इंचच मोठी. "एकदाच मोठी घेऊ, परत बदलायला नको" हा हिशोब पावसाळ्यात महागात पडतो, कारण जास्तीच्या मातीत मुळं नसतात, तिथलं पाणी कुणी पीत नाही आणि ते महिनाभर तसंच राहतं. तळाला भोक हवंच. भोक नसलेली सिरॅमिकची कुंडी फार आवडली असेल तर झाड प्लॅस्टिकच्या भोकवाल्या कुंडीतच ठेवून ती आत बसवा आणि पाणी घालताना बाहेर काढा. भोक नसलेल्या कुंडीत तळाला दगड टाकून निचरा होत नाही, पाणी दगडांत साचतं आणि वरची माती ओलीच राहते. मातीच्या कुंडीला पावसात बाहेरून हिरवं शेवाळ येतं, त्याने झाडाला काही होत नाही, उलट त्या कुंडीतून ओलावा बाहेर जातो म्हणून पाणी जास्त घालणाऱ्यांसाठी तीच बरी.

टप्पा ७: पाणी

वार ठरवून पाणी घालायचं नाही. "आठवड्यातून दोनदा" हे गोव्यात चालतच नाही, एप्रिलमध्ये दोन दिवसांत सुकणारी माती जुलैमध्ये दोन आठवडे ओली असते.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. मनी प्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमासाठी तेवढं कोरडं लागलं की पाणी. पीस लिलीला वरचा एखादा सेंटीमीटर सुकला की. झीझी आणि स्नेक प्लांटला बोटाने कळत नाही, बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा, माती चिकटली असेल तर थांबा. याबरोबर कुंडी उचलून बघायची सवय लावा, पाणी घातल्या घातल्या एकदा उचला, मग सुकल्यावर परत, ते वजन हाताला कळायला लागलं की बोट घालायचीही गरज उरत नाही.

घालाल तेव्हा तळातून बाहेर येईपर्यंत घाला आणि अर्ध्या तासाने बशी रिकामी करा. हे झाडासाठी तर आहेच पण डेंग्यूसाठीही आहे, डेंग्यूचा डास अशा स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास तयार होतो. बाटलीत पाण्यावर वाढवलेल्या मनी प्लांटचं पाणी म्हणूनच दर चार-पाच दिवसांनी पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा, अंडी काचेला चिकटलेली राहतात.

नळाचं पाणी चालतं. किनाऱ्याजवळच्या बोअरवेलचं किंवा टँकरचं असेल तर स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होतात, पावसाचं पाणी झाकणाच्या बादलीत धरून वापरा.

चुकीची ओळख: पानं पिवळी आणि मऊ, माती ओली, म्हणजे पाणी जास्त. पानं पिवळी आणि कुरकुरीत, माती कोरडी, म्हणजे कमी. माती न बघता नुसतं पान बघून ठरवलं की हमखास चुकतं, कारण मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्यासारखीच मान टाकतं, आणि मग आपण त्याला अजून पाणी पाजतो.

टप्पा ८: पहिला पावसाळा आणि चवथीचं कुलूप

मे संपायच्या आत ग्रिलच्या बाहेर आणि कठड्यावर ठेवलेल्या सगळ्या कुंड्या आत घ्या. वाऱ्याने कुंडी खाली पडणं हा झाडाचा नाही, खालून जाणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे.

जूनमध्ये झाडं खिडकीच्या दिशेने फूट-दोन फूट सरकवा. खत सप्टेंबर संपेपर्यंत बंद, मनी प्लांटला सुद्धा नाही दिलं तरी चालतं. झीझीला आणि स्नेक प्लांटला जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा पाणी, काडी ओली आली तर तेवढंही नाही. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवू नका, मधून हवा जायला हवी, आणि पाऊस थांबेल तेव्हा खिडकी तासभर तरी उघडा. पंखा चालू असलेल्या खोलीत झाडं स्पष्टपणे बरी राहतात.

मातीवर पांढरी बुरशी आली तर वरचा थर चमच्याने खरवडून टाका आणि पाणी लांबवा. मातीवर बारीक काळ्या माश्या उडतायत, म्हणजे माती सतत ओली आहे, वरचे दोन इंच पूर्ण सुकू द्या, औषधाची गरज सहसा लागत नाही. बुंधा मऊ पडला तर वाट बघू नका: झाड बाहेर काढा, काळी-मऊ मुळं कात्रीने कापा, कोरड्या नवीन मिश्रणात लावा, पाणी चार-पाच दिवसांनी. मनी प्लांट असेल तर वरची निरोगी फांदी गाठीच्या खाली कापून पाण्यात ठेवा, गाठ पाण्यात बुडलेली हवी, नुसतं पान आणि देठ ठेवलं तर नवीन वेल येणार नाही.

चवथीला निघताना: आदल्या दिवशी बोट घालून बघा, ज्याला लागतं त्यालाच पाणी, "आठ दिवस मिळणार नाही" म्हणून जास्तीचं नको. बशा रिकाम्या करून उलट्या ठेवा, बाटलीतलं पाणी बदला. पडदे ओढून काळोख करून जाऊ नका, खिडकीचा पडदा अर्धा उघडा राहू दे. परत आल्यावर आधी खिडक्या उघडा आणि त्या दिवशी पाणी घालू नका, दुसऱ्या दिवशी माती बघून ठरवा.

पुढचं झाड ऑक्टोबरात घ्या. पहिल्या दोन-तीनपैकी कुठल्या जागेवरचं सगळ्यात ताजं आहे ते बघा आणि त्याच उजेडाची दुसरी जागा घरात शोधा. जिथलं गेलं ती जागा या वर्षी रिकामी ठेवा, किंवा तिथे झीझी.